जुन्या वर्कस्टेशनला मोठा प्रोसेसर टाकावा की नवी मशीन घ्यावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ, वाशीम, चंद्रपूर भागातल्या तालुक्याच्या गावांत लग्नाचं शूटिंग करणारा स्टुडिओवाला, फ्लेक्सवाला, ड्रोनने शेताचा नकाशा काढून देणारा पोरगा, सिव्हिलचं ड्रॉइंग करणारा इंजिनीअर अशा बऱ्याच जणांकडे एकाच जातीची मशीन दिसते. मोठ्या कंपनीतून मुदत संपून निघालेली, नागपूर-पुण्याच्या डीलरकडून आलेली एचपी किंवा डेलची वर्कस्टेशन, म्हणजे जड कामासाठी बनवलेला कॉम्प्युटर. वजनदार, दणकट, आत झिऑन (इंटेलचा सर्व्हर-वर्कस्टेशनसाठीचा) प्रोसेसर. दहा-बारा वर्षं झाली तरी ती बंद पडत नाही, पण काम मात्र तिच्या पुढे गेलं. दुरुस्तीच्या टेबलावर येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. माझं मत आधीच सांगतो: प्रोसेसर ही बहुतेकांच्या बाबतीत शेवटी बदलायची वस्तू आहे. पण ज्याचं काम खरोखर प्रोसेसरवरच अडलंय, त्याला थोड्या पैशात मोठा फायदा होतो.

भाऊ, मशीन लई स्लो झाली. मोठा प्रोसेसर टाकून देऊ का?

आधी ती कशावर अडते ते बघू. रोजचं जड काम सुरू करा. रेंडर लावा (तयार व्हिडिओ किंवा चित्र काढायला टाका), अल्बमची फाइल उघडा, ड्रोनचे फोटो जोडायला टाका. मग कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्सच्या पानावर थोडा वेळ नजर ठेवा.

डिस्क सारखी शंभर टक्क्यांवर आणि प्रोसेसर वीस-तीसवर असेल, तर दोष जुन्या हार्ड डिस्कचा आहे. एसएसडी (चकती नसलेली वेगवान डिस्क) बसवा, मशीन ओळखू येणार नाही. मेमरी काठोकाठ भरत असेल तर रॅम वाढवा. या दोन्ही गोष्टी ठीक असतील तर प्रोसेसरच्या आलेखावर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर्स निवडा. प्रत्येक कोरचे (प्रोसेसरमधल्या स्वतंत्र काम करणाऱ्या भागाचे) एक किंवा दोन चौकोन दिसतील. एक-दोन चौकोन वर टेकलेत आणि बाकीचे रिकामे, असं असेल तर जास्त कोरचा प्रोसेसर घालून काडीचाही फरक पडणार नाही. सगळे चौकोन भरलेले असतील तरच हे पान पुढे वाचण्यात अर्थ आहे.

एसएसडीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. एचपीच्या झेड४२०, झेड६२०, झेड८२० या मशीन एनव्हीएमई (बोर्डाच्या स्लॉटमध्ये बसणाऱ्या, जास्त वेगवान) एसएसडीवरून सहजासहजी बूट होत (चालू होत) नाहीत, त्यामुळे विंडोज टाकायला साधी, केबलने जोडायची साटा एसएसडी घ्या. बोर्डावर ६ गिगाबिटची साटा पोर्ट दोनच असतात, बाकीची ३ गिगाबिटची. एसएसडी त्या दोनांपैकीच एकावर लावा. दुसऱ्याकडे दुरुस्तीला गेलेल्या मशीनमध्ये ती भलत्याच पोर्टवर लावलेली मी पुष्कळदा पाहिली आहे.

माझ्या मशीनमध्ये कोणता प्रोसेसर बसेल, हे कसं कळायचं?

सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) आणि पिढी या दोन गोष्टींवरून. २०१२ मध्ये आलेली झिऑन ई५ ची पहिली पिढी आणि २०१३ ची व्ही२ या दोघींचं सॉकेट एलजीए २०११ आणि रॅम डीडीआर३. झेड४२०, झेड६२०, झेड८२० आणि डेलच्या टी३६००, टी५६००, टी३६१०, टी५६१० या मशीन त्या काळच्या. २०१४ ची व्ही३ आणि २०१६ ची व्ही४ यांचं सॉकेट एलजीए २०११-३ आणि रॅम डीडीआर४. एचपीच्या झेड४४०, झेड६४०, झेड८४० आणि डेलच्या टी५८१०, टी७८१० त्यात येतात. नावं जवळची असली तरी व्ही२ च्या बोर्डात व्ही४ बसत नाही. बळजबरी केली तर सॉकेटच्या पिना वाकतात.

सॉकेट एक असलं तरी बोर्डाने तो प्रोसेसर ओळखायला हवा, आणि इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. झेड४२०, झेड६२०, झेड८२० च्या सुरुवातीच्या बोर्डांवर बूट ब्लॉकची (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रामची) तारीख २०११ ची असते. ते बोर्ड व्ही२ प्रोसेसर घेतच नाहीत, आणि बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) कितीही नवा टाकला तरी बूट ब्लॉक बदलत नाही. मशीन चालू करताना एफ१० दाबा, सिस्टम इन्फर्मेशनमध्ये बूट ब्लॉक डेट बघा. २०१३ असेल तर व्ही२ चालेल. २०११ असेल तर पहिल्या पिढीतलाच घ्या, उदाहरणार्थ आठ कोरचा ई५-२६७० किंवा ई५-२६९०. प्रोसेसरचे पैसे देण्याआधी ही एक ओळ बघितली की पुढचा सगळा मनस्ताप टळतो.

डेल असेल तर मागच्या स्टिकरवरचा सर्व्हिस टॅग डेलच्या सपोर्ट पानावर टाका आणि त्या मॉडेलची यादी बघूनच ठरवा. व्ही३ वरून व्ही४ वर जाणाऱ्यांनी जुना प्रोसेसर असतानाच बायोस नवा करून घ्यावा. उलट क्रमाने गेलात तर स्क्रीन काळी राहील आणि बायोस टाकायला परत जुनाच प्रोसेसर बसवावा लागेल.

कोर जास्त बघू की गिगाहर्ट्झ?

काम कोणतं त्यावर आहे. ऑटोकॅड, टॅली, कोरलड्रॉ आणि नकाशांच्या क्यूजीआयएसचं बरंचसं काम एकाच कोरवर चालतं. तिथे चार कोरचा ३.६ गिगाहर्ट्झचा ई५-१६२० हा बारा कोरच्या २.७ गिगाहर्ट्झच्या ई५-२६९७ व्ही२ पेक्षा मागे पडत नाही. म्हणून ड्रॉइंगवाल्या इंजिनीअरला मी प्रोसेसर बदलू नका असंच सांगतो. त्याला वेग हवा असेल तर नवी मशीनच हवी.

ड्रोनवाल्यांची गोष्ट वेगळी. वेबओडीएमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये शेकडो फोटो जोडून शेताचा एकसंध नकाशा काढायचा, तर जितके कोर तितके कामाला लागतात, आणि रॅमही भरपूर लागते. मोर्शी-वरुडकडच्या संत्र्याच्या बागेचं मोठं उड्डाण असेल तर ६४ जीबी रॅमसुद्धा जास्त म्हणता येत नाही. जुन्या वर्कस्टेशनची खरी ताकद इथे दिसते. सहा कोरचा ई५-२६२० काढून बारा कोरचा ई५-२६९७ व्ही२ बसवला, की रात्रभर चालणारं काम झोपायच्या आत संपू शकतं.

लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. मला काय सांगाल?

तुम्हाला सांगण्यासारखं सगळ्यात जास्त आहे, कारण स्टुडिओवाल्यांचे पैसे चुकीच्या जागी जाताना मी सगळ्यात जास्त पाहतो.

आजच्या मिररलेस कॅमेऱ्याची फाइल लहान दिसते, पण ती उलगडायला फार मेहनत लागते. एच.२६४ या व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीला लागते आणि त्याहून जास्त एचईव्हीसीला. ही मेहनत प्रोसेसरच्या साध्या कोरांवर टाकली तर टाइमलाइन अडखळते, मग कोर बारा असोत की चोवीस. इंटेलच्या घरगुती प्रोसेसरमध्ये जे ग्राफिक्स असतं, त्यात या कामासाठी क्विक सिंक नावाचा खास भाग असतो. झिऑन ई५ मध्ये ग्राफिक्सच नसल्यामुळे तो भागही नाही. आपल्याकडचे पुष्कळ स्टुडिओ एडियस या एडिटिंग सॉफ्टवेअरवर काम करतात आणि एडियसचा भर बरीच वर्षं क्विक सिंकवर आहे. म्हणून महागड्या झिऑनवर रखडणारी टाइमलाइन शेजारच्या दुकानातल्या साध्या आय५ वर सुरळीत चालताना दिसते.

प्रीमियर वापरत असाल तर थोडी सुटका आहे. २०२० पासून त्यात एनव्हिडियाच्या कार्डावरून एच.२६४ आणि एचईव्हीसी एक्स्पोर्ट करता येतं, त्यामुळे जुन्या वर्कस्टेशनला बरं ग्राफिक्स कार्ड लावून काही वर्षं काढता येतात. पण कॅमेरा १० बिट ४:२:२ (जास्त रंगमाहितीचं) एचईव्हीसी देत असेल तर तीही वाट अडते. हा प्रकार एनव्हिडियाच्या कार्डांमध्ये थेट २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेपासून उलगडतो. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला तो अकराव्या पिढीपासून जमतो. असा कॅमेरा घेतला असेल तर जुन्या झिऑनवर एक रुपयाही खर्च करू नका, नवी मशीन घ्या.

तोपर्यंत काम काढायचंय? प्रॉक्सी बनवा. रात्री सगळ्या क्लिपच्या हलक्या प्रती करायला लावा, दिवसा त्यांच्यावर कटिंग करा, शेवटचं एक्स्पोर्ट मूळ फाइलवरून काढा. सीझनमध्ये तीन-तीन लग्नं हातात असताना हा मार्ग स्टुडिओला तारून नेतो.

एक सॉकेट रिकामं आहे. दुसरा प्रोसेसर टाकला तर वेग दुप्पट होईल का?

सगळे कोर वापरणाऱ्या कामात बराच वाढेल, दुप्पट नाही. एका कोरच्या कामात काहीच वाढणार नाही. खर्च नुसत्या प्रोसेसरचा नसतो, हेही लक्षात घ्या. झेड६२० ला दुसरा प्रोसेसर वेगळ्या रायझर कार्डावर (मुख्य बोर्डाला जोडायच्या जादा बोर्डावर) बसतो आणि ते कार्ड त्याच्या हीटसिंक-पंख्यासह मिळवावं लागतं. झेड८२० ला जागा बोर्डावरच आहे, पण हीटसिंक हवाच. शिवाय प्रत्येक प्रोसेसरला त्याची स्वतःची रॅम लागते. पहिल्याच्या आठही पट्ट्या तशाच ठेवून दुसऱ्याला उपाशी ठेवलं तर केलेला खर्च अंगी लागत नाही. रॅम दोघांत सारखी वाटा, आणि रजिस्टर्ड आणि अनबफर्ड या दोन वेगळ्या प्रकारच्या पट्ट्या एकत्र करू नका.

झेड४२०, टी३६०० आणि टी३६१० मध्ये दुसरं सॉकेट नसतंच.

दोन वेगवेगळे प्रोसेसर चालतील?

नाही. दोन्ही एकाच मॉडेलचे हवेत, आणि दोन्ही ई५-२६०० मालिकेतले. ई५-१६०० मालिकेतला प्रोसेसर जोडीने चालत नाही.

आपल्या उन्हाळ्यात मोठा प्रोसेसर टिकेल का?

टिकतो, पण आतली हवा खेळती हवी. मे महिन्यात चंद्रपूर, अकोला, वर्ध्याकडे पारा ४५ च्या वर जातो. पत्र्याच्या दुकानात दुपारी ४० अंश असतातच. मशीनमध्ये शिरणारी हवा जितकी तापलेली, तितकं आतलं सगळं वर सरकतं. हिवाळ्यात ६५ अंशांवर चालणारा प्रोसेसर त्याच कामाला मे महिन्यात ८० च्या पुढे जातो आणि मर्यादा गाठली की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. "उन्हाळ्यातच मशीन स्लो होते" ही तक्रार अगदी खरी असते.

कापसाच्या पट्ट्यात आणखी एक भानगड आहे. हिंगणघाट, वणी, पांढरकवडा भागात जिनिंगच्या हंगामात हवेत बारीक तंतू उडत असतात. हीटसिंकवरचा पंखा काढून बघा. पंखा आणि ॲल्युमिनियमच्या पात्यांच्या मधोमध करड्या रंगाचा जाड थर बसलेला असतो. चिमटीने एक कोपरा धरून उचलला की अख्खा चौकोन सलग सुटून येतो, गोधडीच्या तुकड्यासारखा. बाहेरून मशीन स्वच्छ दिसते, पण हवा आरपार जातच नाही. प्रोसेसर बदलायच्या आधी हा थर काढा आणि वाळलेली थर्मल पेस्ट बदला. कधी कधी एवढ्यावरच मशीन पूर्वपदावर येते आणि प्रोसेसरचा विषय मागे पडतो. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, भर्रकन फिरू देऊ नका.

आणि कुलर. मशीन कुलरच्या झोतात कधीही ठेवू नका. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर मुळीच नाही. पाण्याचे बारीक थेंब क्षार घेऊन आत जातात, बोर्डावर पांढरा थर धरतो, रॅमच्या पट्ट्यांच्या संपर्कबिंदूंवर गंज चढतो. कुलर खोलीत असू द्या, पण त्याचं तोंड माणसाकडे आणि मशीन आडोशाला. खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवा, म्हणजे दमट हवा साचणार नाही.

पहिल्यांदा प्रोसेसर निवडताना वॅटही बघा. ई५-२६९७ व्ही२ हा १३० वॅटचा, ई५-२६७० हा ११५ वॅटचा, ई५-२६९० हा १३५ वॅटचा. ज्यांच्याकडे खोली तापते त्यांना मी थोडा कमी वेगाचा पण कमी वॅटचा सुचवतो.

लाइन जाते-येते. त्याचं काय?

जुन्या वर्कस्टेशनचं पॉवर सप्लाय चांगल्या दर्जाचं असतं, पण ते कोणत्याही यूपीएसवर खूश राहत नाही. बाजारातला नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. दोन प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर मिळून रेंडरच्या वेळी त्याच्या पुढे सहज जातात. मग लाइन गेली की यूपीएस टू टू करून बंद पडतो आणि रेंडर पाण्यात. मोठा प्रोसेसर टाकणार असाल तर निदान १ केव्हीएचा, शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस हिशेबात धरा. हा खर्च लोक विसरतात आणि मग प्रोसेसरलाच दोष देतात. अर्थिंग तपासून घ्या. गावठाण फीडरवर व्होल्टेज फार खालीवर होत असेल तर स्टॅबिलायझरही लावा.

वीजबिलात किती फरक पडतो?

समजण्यापुरता एक हिशेब करू. दोन प्रोसेसरची जुनी मशीन दिवसात सहा तास ३०० वॅटवर राबली आणि सहा तास १२० वॅटवर नुसती चालू राहिली, तर अडीच युनिट झाले. तेच काम नवी मशीन चार तासांत १५० वॅटवर करून उरलेले आठ तास ५० वॅटवर राहिली, तर एक युनिट. दिवसाला दीड युनिटचा फरक, महिन्यात २६ दिवस धरले तर साधारण ४० युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर महिन्याला ४००, वर्षाला ४,८००. तुमच्या बिलावरचा दर टाकून बघा. दुकानाचं मीटर व्यावसायिक असेल तर फरक वाढतो. मशीन रोज चालत असेल तर निर्णयात ही रक्कम धरलीच पाहिजे. आठवड्यातून दोनदा चालणाऱ्या मशीनला हा हिशेब लावू नका.

जुना झिऑन कुठून घेऊ? नकली येतो का?

नकली सहसा येत नाही, पण चाचणीसाठी काढलेले नमुने विकले जातात. अशा प्रोसेसरच्या झाकणावर इंटेल कॉन्फिडेन्शियल असं कोरलेलं असतं. तो स्वस्त मिळाला तरी नको, कारण कंपनीच्या बोर्डात बहुतेकदा चालूच होत नाही. नेहमीच्या विक्रीच्या प्रोसेसरवर मॉडेल नंबर आणि एसआरने सुरू होणारा कोड असतो. विकणाऱ्याकडून दोन्ही बाजूंचा स्पष्ट फोटो मागवा, बिल घ्या, परत करायची मुदत लिहून घ्या. सर्व्हरमधून निघालेले हे प्रोसेसर मुबलक आहेत, म्हणून घाई करायचं कारण नाही. नागपूरला सीताबर्डीकडे जाणं होत असेल तर समोर लावून दाखवा म्हणा.

बदलणं घरी जमेल का?

हात स्थिर असेल तर जमतं. बायोस नवा करा, वायर काढा, पॉवरचं बटण दाबून उरलेला करंट जाऊ द्या. एचपीच्या हीटसिंकला टी१५ टॉर्क्स स्क्रू असतात. ते आळीपाळीने तिरक्या क्रमाने सैल करा. हीटसिंक सरळ वर न ओढता थोडा डावी-उजवीकडे फिरवून सोडवा. सॉकेटच्या दोन्ही पट्ट्या उघडून जुना प्रोसेसर कडेने उचला. पिना सॉकेटमध्ये असतात, तिथे बोट किंवा कापड अजिबात लावू नका. नवा प्रोसेसर खाचा जुळवून अलगद ठेवायचा, दाबायचा नाही. मधोमध वाटाण्याएवढी पेस्ट, हीटसिंक, पुन्हा तिरक्या क्रमाने स्क्रू. पहिल्यांदा चालू होताना मशीन एक-दोनदा आपोआप बंद-चालू होऊ शकते, घाबरू नका. बीप वाजत राहिले तर आधी रॅमच्या पट्ट्या काढून नीट बसवा. खरा दोष बहुतेकदा तिथेच सापडतो.

प्रोसेसर बदलला तर विंडोज ११ चालेल का?

अधिकृतपणे नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. ई५ ची व्ही४ पिढीसुद्धा त्या यादीत नाही. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. अटी चुकवून विंडोज ११ टाकता येतं, पण ज्या मशीनवर बँक, जीएसटी, ग्राहकांचे पैसे यांचं काम होतं तिच्यावर मी ते टाकून देत नाही. रेंडर आणि नकाशांपुरती मशीन असेल तर लिनक्स टाका. वेबओडीएम, ब्लेंडर, क्यूजीआयएस सगळं तिथे चालतं.

मग नवी मशीन कधी घ्यायची, आणि कोणती?

माझं गणित असं: प्रोसेसर, यूपीएस, रॅम, हीटसिंक असा एकूण खर्च नव्या मशीनच्या पाव किमतीच्या वर गेला की थांबा. २०२२ मध्ये आलेला सहा कोरचा आय५-१२४०० हा एका कोरच्या कामात ई५-२६९७ व्ही२ च्या जवळजवळ दुप्पट चालतो आणि सगळे कोर मिळूनही त्याच्या पुढे राहतो. म्हणजे जुन्या सॉकेटमधला जवळपास सगळ्यात वरचा प्रोसेसर टाकूनही तुम्ही आजच्या मधल्या दर्जाच्या मशीनपर्यंत पोहोचत नाही.

व्हिडिओवाल्यांनी इंटेल घ्यावा, पण नावाच्या शेवटी एफ असलेला नाही. दुकानदार थोडा स्वस्त म्हणून एफवाला देतात. त्यात ग्राफिक्स नसतं, म्हणजे क्विक सिंकही नाही. ड्रोन, थ्रीडी अशी सगळे कोर वापरणारी कामं असतील तर एएमडीचं एएम५ बघा. हे सॉकेट २०२२ ला आलं आणि २०२७ पर्यंत तरी त्याला नवे प्रोसेसर देऊ असं एएमडीने जाहीर केलंय. पुढे बोर्ड तोच ठेवून प्रोसेसर बदलता येईल.

एक अडचण मात्र खरी आहे. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव फार चढले. ६४ जीबीची नवी मशीन आज पूर्वीसारखी स्वस्त पडत नाही. ज्याच्या जुन्या वर्कस्टेशनमध्ये डीडीआर३ ईसीसी (डेटातली चूक दुरुस्त करणारी) रॅम आधीच भरपूर आहे आणि काम सगळे कोर वापरणारं आहे, त्याने यंदा प्रोसेसरच बदलावा असं मी निःसंकोच सांगतो.

जुनी विकून थोडी कमी जुनी वर्कस्टेशन घेतली तर?

झेड४४० किंवा टी५८१० घेऊन त्यात चौदा कोरचा ई५-२६८० व्ही४ टाकणं ड्रोनवाल्याला परवडतं. बाकीच्यांना नाही. एका कोरचा वेग, क्विक सिंक, विंडोज ११ या तिन्ही अडचणी तिथेही तशाच राहतात.

नवी घेतल्यावर जुनीचं काय करू?

भंगारात घालू नका. तिच्यात हार्ड डिस्कला जागा भरपूर आणि रॅम ईसीसी, म्हणून लग्नांचा डेटा साठवायला ती उत्तम आहे. दोन मोठ्या डिस्क मिररमध्ये (दोन्हीवर तोच डेटा) लावा, लिनक्स टाका, नव्या मशीनला लॅन केबलने जोडा. दुसरा प्रोसेसर असेल तर काढून ठेवा, वीज वाचते. रोज चालू ठेवायची गरज नाही, काम संपल्यावर तासभर लावून कॉपी करा आणि बंद करा. पावसाळ्यात कडकडाट सुरू झाला की पॉवरच्या वायरबरोबर लॅनची वायरही काढायची.